तोलावर टांगलेली खिडकी

लंडन शहराच्या जुन्या भागांतून हिंडणाऱ्या माणसाच्या नजरेंत पहिल्याप्रथम भरतात त्या तेथील घरांच्या खिडक्या. विटांच्या सपाट भिंती, त्यांवर नक्षीकाम जवळजवळ नाहींच, आणि त्या भिंतींत ओळीनें बसविलेल्या उंच, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या. या खिडक्यांना बिजागऱ्या नसतात. त्या बाहेर उघडत नाहींत आणि आंतहि उघडत नाहींत. एकीपुढें एक अशा कांचेच्या दोन झडपा चौकटींत बसविलेल्या असतात, आणि वरची खालीं व खालची वर अशा त्या सरकतात. इंग्रज लोक त्यांना सॅश-खिडक्या म्हणतात.

आगगाडीच्या डब्यांतील झडप अशीच वर-खालीं सरकते, हें श्रोत्यांच्या परिचयाचें आहे. परंतु ती वर नेऊन खटक्यांत अडकवावी लागते. आणि खटका नीट बसला नाहीं तर ती बोटांवर कशी आदळते, हेंहि बहुतेकांनीं एकदां तरी अनुभविलें असेल. लंडनच्या या खिडकीला खटका नाहीं. ती हातभर वर केली तर हातभर वरच राहते, चार बोटें उघडली तर चार बोटेंच उघडी राहते. तिला धरून ठेवणारें कांहींच दिसत नाहीं.

धरून ठेवणारें असतें, पण तें चौकटीच्या पोटांत लपलेलें असतें. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू भरीव नसून पेटीसारख्या पोकळ असतात. झडपेच्या दोन्ही कडांना एकेक दोरी खिळविलेली असते. ती माथ्याजवळच्या लहानशा कप्पीवरून पोकळींत उतरते आणि तिच्या टोंकाला शिशाचें किंवा बिडाचें वजन लोंबत असतें. झडप खालीं आली कीं वजन वर चढतें, झडप वर गेली कीं वजन खालीं उतरतें. तत्त्व तराजूचें, दुसरें कांहीं नाहीं. एका खिडकीला झडपा दोन, दोऱ्या चार, कप्प्या चार व वजनेंहि चार. त्यांतहि जुन्या सुतारांनीं एक बारकावा सांभाळलेला असतो. वरच्या झडपेचीं वजनें तिच्याहून किंचित् जड ठेवतात, म्हणजे ती माथ्याशीं दाबून बसते. खालच्या झडपेचीं किंचित् हलकीं ठेवतात, म्हणजे ती आपल्या भारानें खालीं टेकून राहते.

या खिडकीच्या रूपाविषयीं वास्तुशिल्पाच्या ग्रंथांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिच्या दुरुस्तीविषयीं त्या मानानें फार थोडें. आणि तरीहि दोनशें, अडीचशें वर्षांपूर्वीच्या खिडक्या आज उघडतात व मिटतात, त्याचें श्रेय दुरुस्तीलाच आहे. पाऊस, धुकें आणि थंडी यांच्या तोंडीं दिलेली लांकडी वस्तु इतकी वर्षें टिकते ती केवळ लांकूड चांगलें म्हणून टिकत नाहीं. ती खोलतां यावी, तिचा बिघडलेला भाग तेवढाच काढतां यावा, अशा रीतीनें ती मुळांतच घडविलेली आहे.

‘सॅश’ हा शब्द फ्रेंच भाषेंतील चौकट या अर्थाच्या ‘शासी’ या शब्दापासून आला. फ्रान्समध्यें १७ व्या शतकांत सरकत्या झडपा होत्या, पण त्यांना वजनें नव्हतीं; वर उचललेली झडप खुंटीनें किंवा खटक्यानें तोलून धरीत. दोरी, कप्पी आणि वजन यांची जोड तिला कोणीं दिली, याविषयीं डच व इंग्रज यांचा वाद आहे. अलीकडील संशोधकांचा कौल लंडनमधील राजाच्या सुतारखान्याकडे झुकतो. १६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत राजवाड्यांच्या बांधकामाच्या हिशेबांत या नव्या खिडक्या दिसूं लागतात, आणि त्या संदर्भांत टॉमस किनवर्ड या शाही मुख्य सुताराचें नांव घेतलें जातें. मोठमोठ्या वास्तुशिल्पकारांच्या काळांतील ही कल्पना बहुधा एखाद्या सुताराच्या बांकावर जन्मली असावी, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें १६८९ मध्यें विल्यम व मेरी यांनीं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचें नवें बांधकाम ख्रिस्तोफर रेन याच्याकडून आरंभिलें, तेव्हां त्याच्या भव्य दर्शनी भागांत याच खिडक्या ओळीनें बसल्या. राजानें केलें कीं सरदारानें करावें आणि सरदारानें केलें कीं व्यापाऱ्यानें करावें, हा क्रम सर्वत्र सारखाच. पन्नास वर्षांच्या आंत लंडनमधील सामान्य व्यापाऱ्याच्या घरालाहि सॅश-खिडकी आली.

तिला आजचें रूप दिलें तें मात्र कायद्यानें आणि करानें. १६६६ च्या आगींत लंडनमधील १३,००० हून अधिक घरें जळालीं. त्या भयानें शहराच्या बांधकामावर निर्बंध आले. १७०९ च्या कायद्यानें खिडकीची लांकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून चार इंच आंत बसविण्याची सक्ति केली. १७७४ च्या कायद्यानें त्याच्याहि पुढें जाऊन चौकटीच्या पोकळ पेट्या विटांच्या आड दडवावयास लावल्या. हेतु एवढाच कीं एका घराची आग बाहेरच्या लांकडावरून दुसऱ्या घरास लागूं नये. पण त्यामुळें दोन गोष्टी अनायासें साधल्या. भिंतीच्या जाडीची सावली खिडकीवर पडूं लागली आणि सपाट भिंतींना खोली आली. आणि आंत सरकलेल्या चौकटीवर पावसाचा मारा कमी झाला. कायदा करणाऱ्यांना सौंदर्याची चिंता नव्हती, आणि लांकडाच्या आयुष्याचीहि नव्हती. पण दोन्हींचा लाभ झाला.

कराची कथा याच्या उलट आहे. १६९६ पासून इंग्लंडांत घराच्या खिडक्या मोजून कर घेण्यांत येऊं लागला. आरंभीं दर घरामागें दोन शिलिंग आणि दहांहून अधिक खिडक्या असतील तर त्यावर वाढीव पट्टी. लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजवून टाकिल्या. कांहीं जुन्या घरांवर त्या बुजविलेल्या जागा अद्यापि दिसतात. अर्थात् त्यांतल्या कांहीं केवळ दर्शनी भागाचा तोल राखण्यासाठीं पहिल्यापासूनच बंद ठेवलेल्या होत्या, हेंहि सांगितलें पाहिजे. १७४० नंतरच्या दशकांत कांचेवरहि कर बसला, आणि तो वजनावर होता. मग कांच पातळ करणें ओघानेंच आलें. हा कांचेवरील कर १८४५ मध्यें आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्यें उठला. दीडशें वर्षें सरकार उजेडावर पैसा घेत होतें असें म्हटलें तर तें फारसें चूक होणार नाहीं.

त्या काळची कांच कशी होत असे तें समजल्याशिवाय या खिडकीची लहान लहान तावदानें कां असत तें कळत नाहीं. कारागीर तापलेल्या कांचेचा फुगा फुंकीत, तो गजावर घेऊन भट्टीसमोर गरगर फिरवीत. फिरतां फिरतां तो फुगा एकाएकीं पसरून चार-पांच फूट व्यासाची तबकडी होई. तबकडीच्या मध्यभागीं जाड गांठ राही. ती वगळून भोंवतालच्या भागांतून तावदानें कापावीं लागत, आणि गोलांतून चौकोन कापावयाचे म्हणजे ते लहानच निघणार. म्हणून वरच्या झडपेंत सहा व खालच्या झडपेंत सहा अशीं तावदानें बसवीत. त्यांच्यामधल्या लांकडी पट्ट्या आरंभीं दीड-दोन इंच जाड असत. शंभर वर्षांत सुतारांनीं त्या अर्ध्या इंचावर आणल्या. अशा झडपेंतून पलीकडे पाहिलें तर झाडाचा बुंधा किंचित् वांकलेला दिसतो, आणि सायंकाळच्या उन्हांत प्रत्येक तावदान आपापल्या परीनें चमकतें. हातानें केलेली कांच कधींच अगदीं सपाट नसते. ती एकदां फुटली म्हणजे तिच्याजागीं तशीच कांच मिळणें फार कठीण. म्हणून जाणता कारागीर लांकडाइतकीच कांचेची काळजी घेतो.

१८३२ मध्यें बर्मिंगहॅमजवळ चान्स बंधूंच्या कारखान्यांत मोठ्या नळकांड्यांतून कांचेचे तक्ते काढण्यास सुरुवात झाली. १८५१ च्या प्रदर्शनाच्या स्फटिक-प्रासादाला कांच पुरविली ती याच कारखान्यानें. आतां एका झडपेला एकच मोठी कांच बसूं लागली. पुष्कळांनीं नव्या चालीच्या भरीस पडून जुन्या झडपांतील बारीक पट्ट्या कापून काढिल्या आणि मोठ्या कांचा घातल्या. मोठी कांच जड. आणि मधल्या पट्ट्या गेल्यावर तिचा सर्व भार कोपऱ्यांच्या सांध्यांवर येतो. त्यासाठीं सुतारांनीं वरच्या झडपेच्या उभ्या बाजू दोन-तीन इंच खालीं लांबवून सांध्याला बळकटी दिली. त्या टोंकांना ते ‘शिंगें’ म्हणतात. शिंगें असलेली खिडकी बहुधा १८४० नंतरची आणि नसलेली बहुधा त्यापूर्वीची, अशी साधी खूण त्यावरून मिळते.

आतां दुरुस्तीकडे वळतां येईल. शंभर-दोनशें वर्षांच्या खिडकीवर येणारें पहिलें संकट बहुतेक वेळां कुजण्याचें नसतें, रंगाचें असतें. दर कांहीं वर्षांनीं रंगाचा थर चढतो. रंगारी घाईंत झडप आणि चौकट यांच्यामधल्या फटीवरूनहि कुंचला फिरवितो. असे दहा-पंधरा थर झाले कीं झडप चौकटीला चिकटून बसते. मग घरचा माणूस ती जोरानें ओढतो, सांधा ढिला होतो, दोरी तुटते. दोरी तुटली कीं वजन पेटीच्या तळाशीं जाऊन पडतें आणि झडप काठीवर टेकवून ठेवावी लागते. पुढच्या वेळीं ती बंदच करून टाकतात. वरची झडप तर कित्येक घरांत दोन-दोन पिढ्यांत कोणीं उघडलेली नसते. वास्तविक दोन्ही झडपा थोड्या थोड्या उघडल्या तर वरून उष्ण, कोंदट हवा निघून जाते आणि खालून ताजी हवा येते. खिडकीचा हा मोठा गुण, पण वरची झडप चिकटली कीं तो निकामी होतो.

दुरुस्ती करणारा सुतार प्रथम पात्यानें रंगाची ही चिकटण उभी चिरतो. मग आंतल्या बाजूची दाबपट्टी उचकटतो. ती मुळांतच बारीक चुकांनीं ठोकलेली असते, डिंकानें जोडलेली नसते; म्हणजे कधींतरी कोणीतरी ती काढणार हें ती ठोकणाऱ्यानें गृहीत धरलेलें असतें. दाबपट्टी निघाली कीं खालची झडप आपोआप हातांत येते. तिच्यामागें दोन्ही झडपांना वेगळें ठेवणारी मधली पट्टी खांचेंत नुसती दाबून बसविलेली असते. ती काढली कीं वरची झडप येते. आणि चौकटीच्या उभ्या बाजूवर, तळापासून थोड्या अंतरावर, रंगाखालीं झांकलेलें एक लहानसें फळकूट सांपडतें. तें उचललें कीं पेटीचें पोट उघडें पडतें आणि तळाशीं धुळींत पडलेलें वजन बाहेर काढतां येतें. भिंत फोडावयास नको, चौकट हलवावयास नको. एका खोलींत, एका माणसाला, दिवसाभरांत करतां येईल अशी ही सर्व व्यवस्था आहे.

नवी दोरी कप्पीवरून पोकळींत सोडणें हें काम पाहण्यासारखें असतें. जाड दोरी आपल्याआपण वळून खालीं उतरत नाहीं. म्हणून सुतार बारीक सुतळीच्या टोंकाला शिशाचा लहानसा तुकडा बांधतो, तो कप्पीवरून आंत सोडतो, आणि खालच्या फळकुटाच्या जागेंतून बाहेर ओढून घेतो. सुतळीमागून दोरी येते. या शिशाच्या तुकड्याला इंग्रज सुतार ‘उंदीर’ म्हणतात. दोरीची लांबी मात्र नेमकी धरावी लागते. ती लांब राहिली तर झडप पूर्ण वर जाण्यापूर्वींच वजन तळाला टेकतें, आणि आंखूड झाली तर झडप पूर्ण खालीं येण्यापूर्वीं वजन कप्पीला जाऊन अडतें. दोरीला रंग लागूं द्यावयाचा नाहीं, हा जुना नियम. रंग लागला कीं ती ताठ होते आणि कप्पीवर वांकतां वांकतां तुटते.

लांकूड कुजलें आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं कळत नाहीं, टोंचा टोंचून पाहावें लागतें. टोंचा मऊ लांकडांत शिरतो, निरोगी लांकडावर अडतो. कुज बहुधा खालच्या झडपेच्या खालच्या आडव्या पट्टींत आणि चौकटीच्या उंबऱ्यावर सांपडते, कारण पाणी तेथें साचतें. बाकीची झडप बहुधा उत्तम असते. ती ज्या पाइन लांकडाची असते तें बाल्टिक समुद्राकांठच्या व स्कँडिनेव्हियाच्या थंड अरण्यांतून येत असे. तेथें झाड सावकाश वाढे, त्याचीं वलयें दाट असत, आणि गाभ्याचें लांकूड राळेनें भरलेलें असे. आजच्या लागवडींतील लौकर वाढविलेलें पाइन त्याच्याशीं बरोबरी करूं शकत नाहीं. म्हणून एका कोपऱ्याच्या कुजीसाठीं सबंध झडप टाकून नवी बसविणें म्हणजे चांगलें देऊन वाईट घेणें होय. सुतार कुजलेला भाग निरोगी लांकडापर्यंत कापून काढतो आणि त्याच जातीच्या, त्याच धाग्याच्या लांकडाचें ठिगळ बसवितो. सांधा आडवा न ठेवतां उतरता कापतो, म्हणजे त्यावर पाणी न थांबतां बाहेर वाहून जातें. ठिगळ कसें बसलें हें रंधा मारल्यावर कळतें. चांगलें असेल तर बोट फिरवूनहि सांधा हातास लागत नाहीं.

कांच काढण्याचें काम अधिक जोखमीचें. कांचेभोंवती खडूची पूड जवसाच्या तेलांत मळून केलेली लांबी भरलेली असते. नवी असतां ती लोण्यासारखी मऊ असते, शंभर वर्षांनीं दगड होते. पटाशीनें ती फोडूं पाहणाऱ्यानें किती जुनीं तावदानें फोडलीं असतील त्याची गणतीच नाहीं. आतां ती बेताची उष्णता देऊन मऊ करतात व मग सोलून काढतात. जुना रंगहि तसाच सांभाळून काढावा लागतो, कारण त्यांत सफेदा असतो, आणि सफेदा म्हणजे शिसें. तो कोरडा घांसला तर त्याची विषारी धूळ घरभर होते. म्हणून तो ओला करून काढणें शहाणपणाचें. कांच पुन्हा बसवून नवी लांबी भरल्यावर तिच्यावर साय धरेपर्यंत कांहीं दिवस थांबावयाचें, आणि मग रंग देतांना तो कांचेवर केसभर चढवावयाचा. त्यानें लांबी आणि कांच यांच्यामधली सूक्ष्म फट बंद होते. हें केसभर चढविणें ज्यानें विसरलें त्याच्या खिडकींत दुसऱ्या पावसाळ्यापासूनच पाणी शिरूं लागतें.

हें सर्व ज्ञान एके काळीं इंग्लंडांतील प्रत्येक गांवच्या सुताराला होतें. १८७७ मध्यें विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं संस्था स्थापिली. इमारत जुनी ‘करून दाखविण्या’पेक्षां तिची रोजच्या रोज काळजी घ्या, असा तिचा आग्रह होता. परंतु त्या वेळीं तिच्यासमोर देवळें होतीं; साध्या घरांच्या खिडक्यांसाठीं भांडण्याची वेळ यावयाची होती. ती २० व्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबनीं लंडनच्या लक्षावधि कांचा फोडल्या होत्या, त्यापेक्षांहि अधिक खिडक्या शांततेच्या काळांत घरमालकांनीं स्वखुषीनें काढून फेंकिल्या असें म्हणावेंसें वाटतें. १९७० नंतर दुहेरी कांचेच्या, आणि पुढें प्लॅस्टिकच्या चौकटींच्या खिडक्या घरोघर आल्या. विकणारे सांगत कीं यांना रंग नको, दुरुस्ती नको. दुरुस्ती नको हें एका अर्थीं खरेंच होतें. ती करतांच येत नाहीं. दोन कांचांमधील जोड निकामी झाला कीं आंत वाफ धरते आणि कांचांचा तो जोडतक्ताच बदलावा लागतो. चौकट वांकडी झाली तर तिला ठिगळ लावतां येत नाहीं.

त्या काळांत चार्ल्स ब्रूकिंग नांवाचा एक छांदिष्ट मुलगा पाडल्या जाणाऱ्या घरांतून खिडक्या, कप्प्या, वजनें व कड्या गोळा करूं लागला. १९६० नंतरच्या दशकांत हा छंद त्याला लागला. इतरांना जें भंगार वाटे तें तो नोंद करून जपून ठेवी. पुढें त्याचाच मोठा संग्रह झाला. कोणत्या दशकांत पट्ट्यांची घडण कशी होती, कप्पी पितळेची कीं लांकडी होती, हें आज नुसत्या पुस्तकांवरून नव्हे तर त्या वस्तु हातांत घेऊन ठरवितां येतें, याचें पुष्कळसें श्रेय त्याला आहे.

जुन्या खिडकीविरुद्धची तक्रार मात्र खोटी नाहीं. ती वाऱ्यांत खडखडते, तिच्या फटींतून थंडी येते, आणि एकेरी कांचेंतून घरची ऊब बाहेर जाते. हिवाळ्यांत इंधनाचा खर्च सोसणाऱ्या माणसाला सौंदर्याची व्याख्यानें ऐकविणें योग्य नव्हे. ग्लासगो येथील एका विद्यापीठांत २००८-०९ च्या सुमारास या खिडक्यांवर प्रयोग झाले. आंतील लांकडी दारें रात्रीं मिटलीं तर कांचेंतून जाणारी ऊब निम्म्याहून अधिक अडते, असें त्यांत दिसून आलें. आंतून दुसरी कांच बसविली तर तितकीच किंवा अधिक अडते. फटींना कुंचल्यासारखी बारीक केसाळ पट्टी लावली तर वारा आणि खडखड दोन्ही बंद होतात. विशेष हें कीं आंतील हीं लांकडी दारें जुन्या घरांत पहिल्यापासून असत. दिवसा तीं घडी घालून भिंतीच्या कोनाड्यांत बसत. पुष्कळ घरांत तीं अजूनहि तेथेंच आहेत, रंगाच्या थरांखालीं खिळून बसलेलीं, आणि घरांत राहणाऱ्यांना त्यांची वार्ताहि नाहीं. तेथेंहि सुतार तेंच करतो: पात्यानें रंग उभा चिरतो, आणि हलक्या हातानें ओढून पाहतो.

पेटी उघडली म्हणजे कित्येकदां आंतल्या बाजूस पेन्सिलीनें लिहिलेलीं अक्षरें सांपडतात. कोणा सुताराचें नांव, एखादी तारीख, कधीं नुसता मापाचा आंकडा. तिचें लांकूड ज्या दिवशीं बंद झालें त्या दिवसापासून तीं कोणीं वाचलेलीं नसतात. काम करणारा तीं वाचतो, पुसत नाहीं, नवी दोरी वजनाला बांधतो आणि फळकूट परत जागीं बसवितो.